मालक पुण्याचे, कॅप चिलीची!

पुण्याच्या वेंकीजनं इंग्लंडमधला फुटबॉल क्लब विकत घेतला, त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. या क्लबचा पगार घेत जगभरातले खेळाडू आपापल्या देशाकडून खेळले. मग आपलाच देश त्या यादीत का नाही?

एक क्विझचा प्रश्न घ्या. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधली मंडळी जरा निवांत असतील, तेव्हा टाकून बघा. इंग्लंडच्या कुठल्या नामांकित फुटबॉल क्लबचे मालक पुण्याचे आहेत? आर्सेनल, चेल्सी अशी नावं फेकणारे भेटतील. ‘काहीही काय!’ म्हणणारे त्याहून जास्त भेटतील. उत्तर आहे ब्लॅकबर्न रोव्हर्स. आणि मालक आहेत वेंकीज. हो, तेच. चिकन नगेट्सवाले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला पोल्ट्रीचा धंदा पुढच्या पिढीनं इतका वाढवला, की नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी २ कोटी ३० लाख पौंड मोजून हा क्लब विकत घेतला. क्लबच्या डोक्यावरचं कर्ज वेगळंच.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. या एका क्लबकडे नोकरीला असताना आपल्या देशाकडून खेळलेले खेळाडू सांगा. मी हा नाद लावून घेतला आणि अक्षरशः वेडी झाले. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड हे तर झालेच. पण अमेरिका, तुर्कस्तान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, पॅराग्वे, चिली... यादी संपता संपत नाही. फक्त एक नाव त्यात सापडत नाही. भारत.

हा नुसता योगायोग नाही बॉस. यामागे एक गाठ आहे. आणि पहिली नोकरी शोधताना वैतागलेल्या प्रत्येकाला ती गाठ लगेच ओळखू येईल.

कॅप म्हणजे नक्की काय?

फुटबॉलमध्ये ‘याला ५० कॅप्स आहेत’ असं म्हणतात, तेव्हा तो देशाकडून ५० मॅच खेळलाय एवढाच अर्थ असतो. पण ही टोपी खरीखुरी होती. इंग्लंडनं १८८६ पासून देशाकडून खेळणाऱ्याला मखमली टोपी द्यायला सुरुवात केली. शब्द तिथून चिकटला तो कायमचा.

ब्लॅकबर्नचा संबंध त्याही आधीपासूनचा. १८७५ मध्ये सुरू झालेला हा क्लब. लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. याच गावाला लागून असलेल्या डार्वेनला १९३१ मध्ये गांधीजी गेले होते. आपल्या विदेशी कापडावरच्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं, त्या गिरणी कामगारांना भेटायला! तर या गावच्या क्लबचा जेम्स फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळलेला पहिला व्यावसायिक खेळाडू मानला जातो. तेव्हा पैसे घेऊन खेळणं म्हणजे थोडं हलकंच समजलं जायचं. असं सांगतात, की फॉरेस्ट पगारी आहे म्हणून स्कॉटलंडवाल्यांनी नाक मुरडलं आणि त्याला बाकीच्यांपेक्षा वेगळा शर्ट घालून खेळावं लागलं. देशासाठी खेळायचं, पण ‘हा नोकरदार आहे’ हे अंगावर मिरवत!

त्यानंतर बॉब क्रॉम्प्टन आला. १९०२ ते १९१४ या काळात इंग्लंडकडून ४१ मॅच, आणि आख्खं करिअर एकाच क्लबमध्ये. आजच्या जॉब हॉपिंगच्या जमान्यात हे ऐकून एचआरवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

निळ्या-पांढऱ्या शर्टामागचं जग

ब्लॅकबर्नचा शर्ट म्हणजे अर्धा निळा, अर्धा पांढरा. वस्ती जेमतेम सव्वा लाखाच्या घरातली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला तालुक्याचं गाव म्हणतात. पण जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद उद्योजकानं १९९१ मध्ये क्लब हातात घेतला, पैसा ओतला आणि १९९५ मध्ये या गावानं चक्क प्रीमियर लीग जिंकली. त्यानंतर वर्ल्ड कप असो की युरो, टीव्हीवर कुठे ना कुठे ब्लॅकबर्नचा माणूस दिसायचाच.

काही नमुने बघा.

अॅलन शिअरर, युरो १९९६. इंग्लंडकडून सलग १२ मॅचमध्ये एकही गोल नाही. पेपरवाले हात धुऊन मागे लागलेले. आणि मग त्याच स्पर्धेत ५ गोल, सगळ्यांत जास्त! स्पर्धा संपून महिनाभरातच न्यूकॅसलनं त्याला दीड कोटी पौंडांना उचललं. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता. पण ते पाचही गोल झाले तेव्हा तो ब्लॅकबर्नचाच होता.

कॉलिन हेन्ड्री, वर्ल्ड कप १९९८. पहिल्याच मॅचला समोर ब्राझील. स्कॉटलंडचा कॅप्टन ब्लॅकबर्नचा. मॅच १-२ नं गेली, पण रोनाल्डोसमोर उभं राहण्याचं काम या सोनेरी केसांच्या गड्यानं केलं.

ब्रॅड फ्रीडेल, वर्ल्ड कप २००२. अमेरिकेचा गोलकीपर. एकाच वर्ल्ड कपमध्ये दोन पेनल्टी अडवल्या, एक दक्षिण कोरियाची, एक पोलंडची. अमेरिका क्वार्टर फायनलला पोचली. त्याच स्पर्धेत आयर्लंडच्या डेमियन डफनं सौदी अरेबियाला गोल मारून जपानी पद्धतीनं कमरेत वाकून नमस्कार केला होता, तोही ब्लॅकबर्नचाच. तुर्कस्तान तिसरं आलं, त्यांचा तुगाय आणि हकन उन्साल, दोघंही ब्लॅकबर्नचे. उन्सालनं मारलेला बॉल मांडीला लागला आणि रिवाल्डो तोंड धरून कोसळला, ते नाटक आठवतंय? रिवाल्डोला दंड झाला, पण उन्साल रेड कार्ड घेऊन आधीच बाहेर गेला होता.

लुकास नील, वर्ल्ड कप २००६. ऑस्ट्रेलिया-इटली, शेवटची मिनिटं, स्कोअर ०-०. इटलीचा ग्रोसो आत घुसला, नील जमिनीवर आडवा, ग्रोसो त्याच्यावरून पडला. पेनल्टी. टोट्टीनं गोल केला, इटली पुढे गेली आणि शेवटी कप घेऊन घरी गेली. ऑस्ट्रेलियात आजही हा विषय काढला तर वाद होतो.

रायन नेल्सन, वर्ल्ड कप २०१०. न्यूझीलंडचा कॅप्टन आणि माझा सगळ्यांत लाडका किस्सा. स्लोव्हाकिया, इटली आणि पॅराग्वे या तिघांशीही न्यूझीलंडनं बरोबरी केली. पहिल्याच फेरीत बाहेर पडले खरे, पण आख्ख्या वर्ल्ड कपमध्ये एकही मॅच न हरलेला तो एकमेव संघ. चॅम्पियन स्पेनसुद्धा एक मॅच हरला होता! याच संघात अँडी बॅरन नावाचा एक जण होता, जो एरवी वेलिंग्टनमध्ये बँकेत नोकरी करायचा. तो शेवटच्या क्षणी मैदानात आला, समोर इटली. रजा मंजूर झाली असणार, दुसरं काय!

रजेचा अर्ज आणि फिफा

रजेवरून आठवलं. माझा एक मित्र वाळूजला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. जिल्ह्याच्या संघाचा गोलकीपर. आमखास मैदानावर सकाळी सहाला हजर, आठची बस पकडून कंपनीत. मागे एका स्पर्धेसाठी त्याला चार दिवस सुट्टी हवी होती. साहेबांनी विचारलं, ‘यातून काय मिळणार?’ शेवटी सुट्टी मिळाली, पगार कापून. तो हसत म्हणाला, ‘पैसे देऊन खेळणारा मी पहिलाच प्रोफेशनल.’

युरोपातल्या क्लबांचं म्हणणं वेगळं नसतं बरं का. पगार आम्ही द्यायचा, दुखापतीचा खर्च आम्ही करायचा, आणि माणूस दहा दिवस देशाकडे? २००४ मध्ये बेल्जियमच्या शार्लरोआ क्लबचा अब्देलमजीद उलमर्स मोरोक्कोकडून खेळताना जखमी झाला आणि कित्येक महिने घरी बसला. क्लब थेट कोर्टात गेला. युरोपातले बडे क्लब त्याच्या पाठीशी उभे राहिले. २००८ मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून फिफा वर्ल्ड कपच्या कमाईतला वाटा क्लबांना देते. २०१० मध्ये ४ कोटी डॉलर, २०२२ मध्ये २० कोटी ९० लाख डॉलर. कतारच्या त्या वर्ल्ड कपला दर खेळाडूमागे, दर दिवसाला साधारण ११ हजार डॉलर क्लबच्या खात्यात जमा होत होते. जखमी झालाच, तर २०१२ पासून विम्याची वेगळी सोय आहे.

मूळ नियम मात्र सोपा आहे. फिफाच्या कॅलेंडरवर ‘इंटरनॅशनल विंडो’ ठरलेल्या असतात. त्या दिवसांत देशानं बोलावलं, की क्लबला सोडावंच लागतं. विंडोच्या बाहेर मात्र क्लब ‘नाही’ म्हणू शकतो. त्याचा फटका आपल्याला २०२३ मध्ये बसला. हांगझोऊच्या आशियाई खेळांचे दिवस विंडोत नव्हते. इंडियन सुपर लीगच्या क्लबांनी आपले मोहरे सोडायला नकार दिला. शेवटी सुनील छेत्रीसोबत कसाबसा एक संघ जमवला, तो चीनमध्ये पोचला आणि जेमतेम एका दिवसात यजमानांशी खेळला. निकाल १-५. माझ्या मित्राचे साहेब आणि हे क्लब, दोघांचा प्रश्न एकच होता: यातून आम्हाला काय मिळणार?

पुणे कनेक्शन

आता येऊ वेंकीजवर. २०१० मध्ये नवे मालक आले, तेव्हा रोनाल्डिन्होसारखी नावं घेतली जात होती. क्लबचे खेळाडू चिकनच्या जाहिरातीत तंगडी खाताना दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला, बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण मॅच खेळला आणि जिंकून गेला. आपल्याकडे कौतुक, तिकडे मात्र फॅन्स रस्त्यावर उतरलेले. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पोल्ट्रीवाल्या मालकांना याहून बोचरा टोमणा कुणी मारला नसेल. २०१७ मध्ये संघ आणखी एक पायरी खाली घसरला, वर्षभरात परत वर आला. प्रीमियर लीग मात्र २०१२ नंतर काही दिसली नाही.

मालक म्हणून वेंकीज कसे, हा फॅन्सचा आवडता आणि तिखट विषय. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. संघ खालच्या डिव्हिजनला गेला, तरी देशांचे फोन यायचे काही थांबले नाहीत. स्कॉटलंडचे ग्रँट हॅनली आणि जॉर्डन ऱ्होड्स. आयर्लंडचा शेन डफी, जो युरो २०१६ मध्ये फ्रान्ससमोर ग्रीझमनला पाडून रेड कार्ड घेऊन आला. २०२४ मध्ये आयर्लंडकडून पहिली मॅच खेळलेला सॅमी स्मॉडिक्स, ज्यानं त्या सीझनला चॅम्पियनशिप या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये सगळ्यांत जास्त, म्हणजे २७ गोल ठोकले. या सगळ्यांच्या पगाराची अंतिम जबाबदारी कुणाची? पुण्याची!

दोन पोरं, एक ड्रेसिंग रूम

यातली सगळ्यांत फिल्मी स्टोरी बेन ब्रेरेटनची. जन्म इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटचा. इंग्लंडच्या ज्युनिअर संघातून खेळलेला. आई मूळची चिलीची. ही गोष्ट त्यानं क्लबच्या मॅगझिनला सहज बोलता बोलता सांगितली. ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाच्या कॉम्प्युटर गेमसाठी माहिती गोळा करणाऱ्यानं ती टिपली आणि गेममध्ये त्याच्या नावापुढे चिली जोडलं. झालं! चिलीतले गेमवेडे जागे झाले. ‘हा तर आपला पोरगा!’ म्हणून इंटरनेटवर मोहीमच सुरू झाली. २०२१ मध्ये त्याला खरंच बोलावणं आलं. स्पॅनिश धड येत नव्हतं. कोपा अमेरिकेत बोलिव्हियाविरुद्ध गोल मारला, चिली १-० नं जिंकली. पठ्ठ्या रातोरात स्टार! मग आईकडचं ‘दियाझ’ आडनाव शर्टावर आलं. पुढच्या सीझनला ब्लॅकबर्नकडून लीगमध्ये २२ गोल.

आता दुसरा पोरगा. डिलन मार्कंडे. जन्म लंडनचा, घराणं भारतीय वंशाचं. टॉटनहॅमकडून अधिकृत मॅच खेळलेला पहिला ब्रिटिश आशियाई. जानेवारी २०२२ मध्ये तो ब्लॅकबर्नला आला. म्हणजे एकाच ड्रेसिंग रूममध्ये दोन इंग्लिश पोरं, एकाचं नातं चिलीशी, एकाचं भारताशी, आणि मालक भारतीय! पहिल्याला आईच्या देशाची कॅप मिळाली. दुसऱ्यानं समजा उद्या मनावर घेतलं, तरी त्याला ब्रिटिश पासपोर्ट सोडून द्यावा लागेल.

कारण सरळ आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड असेल तर तुम्ही इथे राहा, धंदा करा, लग्न करा, पण देशाचा शर्ट घालायला भारतीय पासपोर्टच लागतो. चिलीला दोन पासपोर्ट चालतात, म्हणून ब्रेरेटन एका सहीनं दोन्हीकडचा झाला. आपल्याकडे ही उडी घेणारे मोजकेच. पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी हा त्यातलाच. जन्म जपानचा, वडील भारतीय. त्यानं जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. २०२५ मध्ये बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत करून भारताचा घेतला. युरोपात करिअर घडवायचं असलेल्या विशीतल्या पोरासाठी मात्र हा सौदा फार महाग आहे.

‘अनुभव असेल तरच या’

बरं, पासपोर्टचं बाजूला ठेवू. इथला, अस्सल भारतीय खेळाडू ब्लॅकबर्ननं का घेतला नाही? मालकांच्या मनात आलं तर काय अडचण आहे?

अडचण आहे वर्क परमिट. इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवताना त्याचा देश फिफाच्या क्रमवारीत कितवा आहे हे बघितलं जायचं. बरीच वर्षं पहिल्या ७० देशांची अट होती, २०१५ पासून ती ५० वर आली. ब्रेक्झिटनंतर २०२१ पासून पॉइंट सिस्टीम आहे. त्यातही देशाची क्रमवारी, देशाकडून किती मॅच खेळला, आधीचा क्लब कुठल्या लीगचा, यावरच पॉइंट मिळतात. अलीकडे थोड्या खास जागा ठेवल्यात, पण मुख्य दरवाजा तोच.

आणि भारत? आपला आजवरचा सर्वोत्तम क्रमांक ९४, फेब्रुवारी १९९६ मधला. २०२३ मध्ये शंभराच्या आत डोकावून आलो आणि २०२५ मध्ये पुन्हा १३० च्या पलीकडे घसरलो.

याची किंमत सुनील छेत्रीनं मोजली. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याच्याशी करार केला होता. पण परमिट नाकारलं. कारण भारत पहिल्या ७० मध्ये नव्हता! पुढे हाच माणूस भारताकडून ९० हून जास्त गोल मारून जगातल्या मोठ्या स्कोअरर्सच्या पंक्तीत बसला. मुलाखत पास, ऑफर लेटर हातात, आणि ‘तुमच्या कॉलेजचं रँकिंग बसत नाही’ म्हणून घरी. कसं वाटेल?

ही ती गाठ. इंग्लंडमध्ये खेळायचं तर देशाची क्रमवारी हवी. क्रमवारी हवी तर खेळाडूंना परदेशातल्या तगड्या लीगमध्ये रोज घासून निघायला हवं. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! फ्रेशर असताना आपण सगळेच या दारातून परत आलोय. फरक एवढाच, की आपण दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकतो. देश बदलून अर्ज टाकता येत नाही.

तरी एकानं हे करून दाखवलं होतं. बायचुंग भुतिया. १९९९ मध्ये तो बरी या छोट्या क्लबकडे गेला. ब्लॅकबर्नपासून गाडीनं साधारण अर्ध्या तासाचं अंतर, म्हणजे आपलं वाळूज ते शेंद्रा म्हणा. तेव्हा बरी इंग्लंडच्या तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होता. २००२ पर्यंत तो तिथे होता. दुखापती झाल्या, ३७ मॅच आणि ३ गोल एवढाच हिशोब जमला. पण बरीचा पगार आणि भारताचा शर्ट, हे दोन्ही एकाच वेळी त्याच्या नावावर होतं. सिक्कीमच्या डोंगरातल्या पोरानं त्या गाठीतून वाट काढली, तीही कुठल्याही भारतीय मालकाशिवाय.

मुली पुढे गेल्या

आणि इथे एक गंमत. पुरुष अडकले त्या दारातून एक मुलगी आत गेली. अदिती चौहान, भारताची गोलकीपर. लफबरो विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला इंग्लंडला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली. इंग्लंडमध्ये क्लबकडून खेळणारी पहिली भारतीय महिला. दिवसा लेक्चर, संध्याकाळी प्रॅक्टिस. २०२५ मध्ये तिनं निवृत्ती घेतली. त्याआधी २०२० मध्ये बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडे गेली आणि महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. आणि क्रमवारी? भारतीय महिला २०२५ मध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी वर होत्या, सत्तरच्या आसपास. त्याच वर्षी जुलैमध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ नं हरवून त्यांनी आशियाई कपचं तिकीट मिळवलं. बाहेर जाऊन खेळणं आणि वर चढणं एकमेकांना धरून असतं, याचा आणखी कुठला पुरावा हवा?

आपल्या गावाकडून बघताना

संभाजीनगर हे क्रिकेटचं शहर, यात वाद नाही. पण संध्याकाळी आमखासवर चक्कर मारा. मेसी, रोनाल्डो, हालांडचे शर्ट घातलेली पोरं दिसतील. अर्धा निळा-अर्धा पांढरा शर्ट मला अजून दिसलेला नाही. गोलकीपर मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, ‘मालक आपला आहे म्हणून टीम आपली होत नाही ना. आपला माणूस खेळला तर होईल.’ एवढं साधं आहे ते.

महाराष्ट्रातून एक पाऊल त्या दिशेनं पडलंय. कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये खेळला. त्यानंतर तो ब्लॅकबर्नला जाऊन सराव करून आला. तालमींच्या नावानं फुटबॉल संघ चालणाऱ्या गावचा पोरगा पुण्याच्या मालकांच्या लँकेशायरमधल्या मैदानावर! करार झाला नाही. पण २०२२ मध्ये त्यानं भारताच्या सीनिअर संघाचा शर्ट घातला.

वेंकीजनी काय करायला हवं होतं, हे सांगणं सोपं आहे. अॅकॅडमी, स्काउट, दरवर्षी चार पोरं तिकडे. हे व्हायला हवंच. पण त्यांनी सगळं केलं असतं, तरी शेवटच्या दारावर रँकिंग विचारणारा वॉचमन उभाच होता. क्लब पैशानं विकत घेता येतो. त्या वॉचमनला मात्र चेक चालत नाही. त्यासाठी बेल्जियम, क्रोएशिया, सायप्रस असल्या छोट्या ठिकाणी आधी नोकरी धरावी लागते, कमी पगारात, लांब घरापासून. आपल्यातले कितीतरी जण पुण्या-बंगळुरूच्या पहिल्या जॉबला असेच गेले.

पुढच्या इंटरनॅशनल विंडोला एक काम करा. वेगवेगळ्या देशांच्या संघांची यादी जाहीर होते, ती उघडा. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे कंसात त्याच्या क्लबचं नाव असतं. न्यूझीलंडची यादी बघा, चिलीची बघा, कंसात किती देश दिसतात ते मोजा. मग आपली यादी उघडा. मोहन बागान, बंगळुरू, गोवा... बहुतेक सगळे कंस देशातल्या देशातच मिटलेले. आधी ते कंस बाहेर उघडू देत. मग पुण्याच्या मालकांनाही पंधरा वर्षांनी का होईना, रजेचा एक अर्ज हिंदुस्थानातून येईल. तो मंजूर करताना साहेब ‘यातून काय मिळणार?’ असं नक्कीच विचारणार नाहीत.